डॉक्टरांना न सांगितलेला रोजा

यंदा चंद्र दिसायच्या दोन दिवस आधी माझ्या फोनवर एक मजकूर आला. जपानच्या एका शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं, वर्षातून ठरावीक दिवस सोळा-सोळा तास उपाशी राहणाऱ्याला कॅन्सर होत नाही हे त्याने सिद्ध केलं, आणि आपल्याला तर हे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, असा एकूण सूर. मोहल्ल्यातल्या बायकांच्या ग्रुपवर आला होता. वाचताना काहीतरी ओळखीचं वाटलं म्हणून जुने निरोप शोधले. आषाढात कॉलेजच्या स्टाफ ग्रुपवर हाच मजकूर आला होता. तिथे 'रोजा'च्या जागी 'एकादशी' होती आणि 'चौदाशे'च्या जागी 'पाच हजार'. बाकी शास्त्रज्ञ तोच, नोबेल तेच, शेवटचे जोडलेले हातही तेच.

शास्त्रज्ञ खरे आहेत. योशिनोरी ओसुमी. 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पेशी आपल्यातलेच जुने, मोडके भाग कसे मोडून पुन्हा वापरते, याचा त्यांनी छडा लावला, आणि तो लावला यीस्टवर. पाव फुगवायला बेकरीवाले वापरतात तेच यीस्ट. त्या यीस्टला उपाशी ठेवलं होतं हेही खरं. पण माणसाने किती तास उपाशी राहावं आणि त्याने कोणता आजार बरा होतो, हे त्या संशोधनाने सांगितलेलं नाही. रोजा मी धरते तो फर्ज आहे म्हणून. काकू एकादशी करतात त्या विठोबासाठी. दोघींनाही जपानच्या शिफारशीची गरज पडलेली नाही.

एरवी असले मजकूर मी पुसून टाकते आणि विसरते. पण 'रोज्याने आजार बरा होतो' हे वाक्य माझ्या घरात एकदा फार महाग पडणार होतं. तेव्हापासून ते दिसलं की मी थांबते.

2018 चा रमजान 17 मे रोजी सुरू झाला. चोपड्यातला मे महिना इथल्या वाचकाला सांगायला नको. सातपुड्याकडून येणारा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा येतो. पहाटे साडेचारच्या आत सेहरी संपायची आणि सायंकाळी सातनंतर इफ्तार, म्हणजे रोजा साडेचौदा तासांच्या पुढे. आणि योगायोग असा, की आदल्याच दिवशी अधिक ज्येष्ठ लागला होता. चांद्र महिने आणि ऋतू यांची फारकत होऊ नये म्हणून हिंदू पंचांगात साधारण तीन वर्षांनी एक महिना वाढवतात. हिजरी पंचांगात अशी सोय नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सगळे ऋतू फिरून येतो. त्या वर्षी हे दोन्ही हिशेब एकाच जागी येऊन मिळाले होते.

माझं माहेर गावातच आहे. आमचं घर आणि शेजारच्या काकूंचं घर यांच्यात एकच भिंत. अम्मीचे रोजे सुरू होते, काकूंचं अधिक महिन्याचं एकभुक्त सुरू होतं. दोघी साठीच्या पुढच्या, दोघींना मधुमेह, दोघींचे डॉक्टरही एकच. किंबहुना तो दवाखाना अम्मीला काकूंनीच सुचवला होता.

25 मे, शुक्रवार. नववा रोजा. काकूंची अधिक महिन्यातली एकादशी. मी सायंकाळच्या इफ्तारसाठी माहेरी गेले होते. साडेपाचच्या सुमारास अम्मी कॉटवरून उठून बसली आणि असंबद्ध बोलू लागली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, आणि मला ती माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. घरात सगळ्यांचं एकमत झालं: ऊन लागलं. भावाने कूलर तिच्याकडे वळवला, वहिनीने कांदा फोडून तळपायांना चोळायला घेतला, मी ओला टॉवेल कपाळावर ठेवला. कोणीतरी म्हणालं, पाणी देऊ का? अम्मीनेच मान हलवली, 'रोजा है मेरा.' आणि मी, एम.ए. झालेली, कॉलेजात शिकवणारी, घड्याळाकडे बघून म्हणाले, 'अजून दीड तास आहे. निघेल तेवढा.'

गडबड ऐकून काकू आल्या. अम्मीचा हात हातात घेतला, कपाळाचा घाम बोटाने पुसून पाहिला. वर्षभरापूर्वी एका एकादशीला त्यांचंही असंच झालं होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं एवढंच. मला म्हणाल्या, 'साखर उतरली हिची. पाण्यात कालवून आन.' मी म्हटलं, 'काकू, दीड तास...' त्या म्हणाल्या, 'तो तुझा दीड तास राहू दे बाजूले. पयले साखर दे, मंग बोल.'

साखरपाणी आम्ही चमच्याने पाजलं. ती शुद्धीत होती, गिळत होती, म्हणून पाजता आलं. (माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. तेव्हा थेट 108 ला फोन.) रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तोवर ती मला ओळखायला लागली होती. तिथे रक्तातली साखर मोजली ती 58 भरली, आणि हे काकूंच्या साखरपाण्यानंतर. आधी किती होती, ते अल्लाहलाच ठाऊक. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर कूलरसमोर बसवून ठेवली असती तर मेंदूवर बेतलं असतं.

झालं काय होतं, ते नंतर उलगडलं. अम्मी सकाळच्या नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची गोळी घ्यायची. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं, आणि तिचा अंमल दिवसभर राहतो. रमजान लागला तशी अम्मीने तीच गोळी सेहरीला घ्यायला सुरुवात केली. सेहरीला ती खायची अर्धी पोळी आणि चहा, कारण साखरवाल्याने कमी खावं असं तिने ऐकलेलं. पुढे साडेचौदा तास पोटात काही नाही. गोळी आपलं काम करत राहिली. मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्या अशा नसतात. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर इतकी सहसा उतरत नाही. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या नव्या गोळ्यांचा धोका वेगळा, त्यात उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी पडू शकतं. म्हणून कोणाची गोळी कशी बदलायची हे प्रत्येकाचं वेगळं असतं. दिवसातून एकदा घ्यायची अम्मीसारखी गोळी असेल तर डॉक्टर बहुधा ती इफ्तारच्या वेळेवर नेतात, दोनदाची असेल तर सेहरीचा डोस कमी करतात. एवढाच बदल. त्यासाठी पाच मिनिटांची भेट पुरली असती.

ती भेट का झाली नाही? त्या संध्याकाळी दवाखान्यात जे बोलणं झालं, ते मी विसरलेले नाही. डॉक्टर म्हणाले, 'मावशी, रोजे धरणार होतात तर मला एका शब्दाने सांगायचं ना.' अम्मी म्हणाली, 'सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाले असते.' डॉक्टर थोडे थांबले आणि म्हणाले, 'आणि मी आपणहून विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, हा कोण आमच्या रोज्यात बोलणारा.'

मला वाटतं, आमच्या गावातला आरोग्याचा सगळ्यात मोठा गैरसमज या दोन वाक्यांत आहे. भजी, सरबत हे सगळं नंतरचं. पेशंटला वाटतं, डॉक्टर आपल्यातला नाही, तो नको म्हणेल. डॉक्टरला वाटतं, धर्माचा विषय आहे, कशाला छेडा. दोघेही एकमेकांचा मान राखतात आणि मधल्या मधे गोळी सेहरीला घेतली जाते. त्यातूनही एखाद्याला शंका आली तर तो डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलवर जातो आणि काउंटरवरच्या पोराला विचारतो, 'रोजे आहेत, गोळी कधी घेऊ?' काकूंचं तरी काय वेगळं होतं? डॉक्टर त्यांच्याच धर्माचे, तरी एकादशीला चक्कर आल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं. 'देवाचं करताना झालं, ते काय सांगायचं.'

हा प्रश्न दोन-चार घरांचा नाही. 2001 मध्ये 13 देशांतल्या 12 हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांची पाहणी झाली होती, एपिडायर या नावाने ती ओळखली जाते. त्यात नेहमीच्या, म्हणजे प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहाचे जवळपास 79 टक्के रुग्ण रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे धरत होते. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रकार त्यांच्यात एरवीच्या तुलनेत साडेसात पट झाले होते. आपल्या देशात आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर सांगितली. या 10 कोटींत रोजे धरणारे आले, नवरात्र करणारे आले, चतुर्थी करणारे आणि पर्युषणातले उपवास करणारेही आले.

आता धर्माचं. हे पान वाचणाऱ्या माझ्या हिंदू, जैन, बौद्ध मित्रमैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल, आणि आमच्यातल्या अनेकांना ठाऊक असूनही आठवत नाही. कुरआनात रोज्याचा हुकूम ज्या जागी आहे, सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतीत, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही आहे. राहिलेले रोजे नंतरच्या दिवसांत भरून काढावेत, त्याला कजा म्हणतात. ज्याला पुढेही जमणार नाही, त्याने दर रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावं, तो फिदया. म्हणजे सवलत मागच्या दाराने आलेली नाही, हुकमाच्या शेजारीच बसलेली आहे. जुन्या फिकहच्या किताबांत असंही म्हटलेलं आढळतं, की आजाराबद्दल सांगणारा वैद्य जाणकार, सचोटीचा आणि मुसलमान असावा. अम्मीने मला हे ऐकवलं होतं. मी आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारायला भावाला पाठवलं. त्यांनी निरोप पाठवला, की आज बघायचं ते त्याचं ज्ञान आणि प्रामाणिकपणा. ज्या डॉक्टरच्या हातात तुम्ही बारा महिने जीव देता, त्याचं रमजानमध्येच ऐकायचं नाही, हे कुठलं दीन? अम्मी डॉक्टरचं ऐकत नव्हती, माझं तर नाहीच. या एका निरोपावर ऐकली.

दुसरा गैरसमज, ज्याने अम्मीचा घात केला असता: बोट टोचून रक्त काढलं की रोजा तुटतो. घरात ग्लुकोमीटर होता. नऊ दिवस तो कपाटात पडून होता. साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, यावर उलेमांचं आज सर्वसाधारण एकमत आहे. इन्सुलिनच्या सुईनेही तुटत नाही असंच बहुतेकांचं म्हणणं आहे, कारण ते अन्न नव्हे. सलाईनमधून ग्लुकोज चढवणं मात्र वेगळं. मधुमेह आणि रमजान यावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आकडेही ठरवून दिले आहेत: साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडायचा. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, विचित्र बोलणं, यांतलं काही दिसलं तर आधी तपासायचं, तपासायची सोय नसेल तर सरळ तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. इफ्तारला पाच मिनिटं उरली असली तरी.

हे झालं आजाऱ्यांचं. धडधाकट माणसांच्या चुका स्वयंपाकघरात होतात, आणि तिथे मी दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही, कढई माझीच आहे.

सेहरी चुकवणं हे अजूनही बहादुरीचं समजलं जातं. कॉलेजातली मुलं अभिमानाने सांगतात, 'मॅडम, मी तर रात्रीच जेवून झोपलो.' याच्या उलट टोकाला माझे एक नातेवाईक आहेत, ते सेहरी संपायच्या आधीच्या दहा मिनिटांत दीड लिटर पाणी पोटात ओततात, दिवसभर पुरावं म्हणून. उंटालाही ते जमत नाही, तो पाणी वशिंडात साठवतो हा आणखी एक गैरसमज, तिथे चरबी असते. एकदम प्यायलेलं जास्तीचं पाणी मूत्रपिंडं दोन-तीन तासांत बाहेर काढून टाकतात. इफ्तारपासून सेहरीपर्यंत थोडं थोडं प्यायलेलंच कामी येतं.

सेहरीला काय खावं, याबद्दल मला माझ्या एका विद्यार्थिनीने शिकवलं, तिच्याही नकळत. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी वस्तीतली. तडवी भिल्ल हे आपल्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यातले मुसलमान आदिवासी, शहरी वाचकांना अनेकदा माहीतही नसतात. वर्गात कोणी सेहरीला दूध-फेणी सांगत होतं, कोणी पराठे-कबाब. ही गप्प. खोदून विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, 'ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ.' तिला लाज वाटत होती. खरं तर त्या वर्गात सर्वांत शहाणी सेहरी तिची होती. भाकरी आणि डाळ सावकाश पचते, दुपारपर्यंत साथ देते. मैद्याची फेणी साखरेच्या दुधात कालवून खाल्ली की नऊ वाजता पोट पुन्हा विचारायला येतं. गोड लागते हे मान्य, मीही ईदच्या आधी दोन-तीनदा खातेच.

इफ्तारचं विचारू नका. खजूर खाऊन रोजा सोडणं सुन्नत आहे, त्यातून 'सुन्नत आहे म्हणून खजुराने साखर वाढत नाही' असा अर्थ काढणारे माझ्या घरातच निघाले. लहान खजुरात 4-5 ग्रॅम साखर असते, म्हणजे एक चमचा. हल्ली डब्यातून भेट येणारा मोठा मेडजूल असेल तर एकाच फळात 16 ग्रॅमच्या आसपास. खजुरात तंतू आहेत, पोटॅशियम आहे, साखरेच्या खड्यापेक्षा तो कितीतरी बरा. पण मधुमेही माणसाने एक लहान खजूर खाऊन थांबावं, सुन्नत तेवढ्याने पुरी होते. त्यावर लाल सरबताचा ग्लास आला की हिशेबच संपला. सरबत थंड असतं असं आपण म्हणतो, मुळात तो साखरेचा पाक असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, इथे एका ग्लासात ती येऊन बसते. तहान पाण्याने भागते, लिंबूपाण्याने भागते, ताकाने तर फारच छान भागते.

आणि तळण. दिवसभराच्या उपाशी पोटी कांदाभजी, समोसे, पापड, आणि काल उरलेल्या तेलातच आजचा घाणा. मग तरावीहच्या नमाजात सगळी सफ ढेकर देत उभी. 'रमजानमध्ये खाल्लेलं अंगाला लागत नाही,' असं माझ्या सासूबाई म्हणत. लागतं. महिन्याच्या शेवटी एखादा किलो वजन उतरलं तर उतरतं, आणि ईदनंतरच्या दावतींत बहुतेक परत येतं.

माझ्या शेजारणी हे वाचून हसू नयेत म्हणून साबुदाण्याकडेही जरा वळते. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही आम्ही केलेली नाही. काकूंना मधुमेह, आणि त्या दिवशी त्यांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचा लाडू. 'उपवासाचं हलकं असतं गं.' 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या वर निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळपास नाहीतच. पोळीपेक्षा तो साखर लवकर चढवतो. गंमत म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, सोबतचा बटाटा, दाणे, हिरवी मिरची, हे सगळं अमेरिका खंडातून इकडे आलेलं, गेल्या पाचशे वर्षांतलं. उपवासाच्या ताटात त्यांना जागा कोणी आणि कधी दिली, यावर एखाद्या विद्यार्थ्याने खरोखर प्रबंध लिहावा. काकूंनी आता शिंगाड्याचं थालीपीठ, ताक आणि थोडे दाणे असं करून घेतलंय. खिचडी दोन घास, प्रसादापुरती.

उपवासाबद्दल महाराष्ट्रात एक वेगळीच हवा डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे तयार झाली. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभी असलेली त्यांची दोन वेळा जेवायची, 55 मिनिटांत संपवायची पद्धत आता घरोघर माहीत आहे. स्टाफरूममध्ये मला सांगतात, 'तुमचा रोजा म्हणजे दीक्षित डाएटच की.' वरवर दिसतं तसं. पण त्यात दिवसभर पाणी बंद नसतं, आणि इफ्तारपासून मध्यरात्रीपर्यंत आमच्यासारखं तोंड चालूही नसतं. दोन्हींत गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरला विचारायचं असतं, एवढं साम्य मात्र पक्कं.

थंड-गरम हा आपला सगळ्यांचा सामायिक वारसा. खजूर गरम, काकडी थंड, अंडं गरम, दही थंड. अम्मीचे शब्द हकिमांचे, बलगम आणि सफरा. काकूंचे वैद्यांचे, कफ आणि पित्त. अम्मीचा हिशेब ग्रीकांकडून अरबांकडे आणि तिथून हकिमांबरोबर इथे आला, 'युनानी' म्हणजे ग्रीकच. काकूंचा इथलाच. पण भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्वयंपाकघरात ते एकसारखे वागतात. या सगळ्याला मी थोतांड म्हणणार नाही. उन्हाळ्यात काकडी खावी हे बरोबरच आहे, तिच्यात पाणी असतं. पण त्याच हिशेबाने केळीवर जो अन्याय होतो, तो निदान आपल्या जिल्ह्यात तरी होऊ नये. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, ट्रक भरभरून केळी बाहेर जाते, आणि आपल्याच घरात पोराला शिंक आली की पहिला हुकूम: केळं बंद! सर्दी विषाणूंमुळे होते, केळ्याने होत नाही. इफ्तारला एक केळं हे खजुराइतकंच चांगलं, आणि आपल्या शेतकऱ्याच्या खिशात दोन पैसे टाकणारं. अपवाद एकच सांगते: ज्यांच्या मूत्रपिंडाचा आजार वाढलेला आहे त्यांना पोटॅशियम जपावं लागतं. त्यांनी केळं काय, खजूरही विचारून खावा.

पहिल्या दोन-तीन रोज्यांना डोकं धरून बसणारे पुष्कळ. त्यांना वाटतं भुकेने, खरं कारण अनेकदा चहा. दिवसाला सहा कप पिणाऱ्याचा शेवटचा कप होऊन 12 ते 24 तास उलटले की कॅफिनची सवय डोकं दुखवून आठवण करून देते. शाबानच्या शेवटच्या आठवड्यात रोज एकेक कप कमी केला तर हा त्रास वाचतो. उभ्याने पाणी प्यायलं की गुडघे जातात असं म्हणतात, त्याला काही आधार नाही. बसून पिणं सुन्नत आहे, शिष्टाचार आहे, तेवढं कारण पुरेसं आहे, गुडघ्यांना मधे आणायला नको. थुंकी गिळल्याने रोजा तुटत नाही, म्हणून दिवसभर रस्त्यावर थुंकत फिरणाऱ्यांनी गावावर मेहेरबानी करावी. आणि गुटखा. 2012 पासून राज्यात त्यावर बंदी आहे, तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. जो माणूस तेरा-चौदा तास पुडीशिवाय राहू शकतो, तोच इफ्तारनंतर दहा मिनिटांत पानटपरीवर दिसतो. मला या महिन्यातलं सगळ्यात जास्त दुःख या दृश्याचं होतं.

अम्मी 2018 चे उरलेले रोजे धरू शकली नाही. त्या दिवसांत ती दार लावून चहा प्यायची, नातवंडांनी बघू नये म्हणून. एक दिवस धाकट्या नातीने दार ढकललं आणि विचारलं, 'दादी, तुम्ही चोरून का पिता?' पुढच्या रमजानला ती ओसरीवर बसून प्यायला लागली. नंतरची दोन वर्षं डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, तिने जमले तेवढे रोजे धरले, दुपारी एकदा आणि असरनंतर एकदा बोट टोचून. आता मूत्रपिंडं थकली आहेत, त्यामुळे रोजे बंद, फिदया सुरू. इफ्तारच्या ताटात खजूर मांडायचं काम तिने कोणाला दिलेलं नाही.

डॉक्टर आता शाबान लागला की आपणहून विचारतात, 'या वर्षी तुमच्या घरात कोण कोण धरणार?' आणि श्रावणात काकूंना. दवाखान्यात मी त्यांना एका तरुण पोराशी हेच बोलताना ऐकलं, पोरगा गोंधळला होता, पण सांगत होता.

ग्लुकोमीटर दोन्ही घरांत मिळून एकच आहे, भिंतीलगतच्या कोनाड्यात. सुया ज्याच्या त्याच्या वेगळ्या, वेगळ्या डब्यांत, यात काकू फार कडक आहेत. तपासायच्या पट्ट्या संपल्या की एकदा त्या आणतात, एकदा आम्ही. यंदा पहिल्या रोज्याला पाकीट संपलं. पाळी आमची होती, आणि मी विसरले होते. काकूंनी भिंतीपलीकडून दोनदा आठवण केली आहे.